न्यूमनची दहा गाणी निवडताना

आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटाचा नियम एकच. ज्याची पाळी असेल त्याने एका संगीतकाराच्या दहा रचना निवडायच्या, प्रत्येकीआधी चार वाक्यं बोलायची आणि गाणं सुरू झालं की गप्प बसायचं. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही ठाण्यात घंटाळीजवळ राहणाऱ्या काकांकडे जमतो. काका बँकेतून निवृत्त झालेत, पेटी वाजवतात, आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत जुने मोठे लाकडी स्पीकर आहेत. त्या खोलीत आजवर कुमार गंधर्व ऐकले, माणिक वर्मा ऐकल्या, मदन मोहन ऐकले, एकाने बीटल्सही ऐकवले. माझी पाळी आली तेव्हा मी गॅरी न्यूमन या इंग्लिश गायक-संगीतकाराचं नाव सांगितलं, आणि तो गॉथिक इंडस्ट्रियल प्रकारचं संगीत करतो असंही. काकांचा भाचा सोडला तर कुणी ते नाव ऐकलेलं नव्हतं, आणि भाच्यालाही त्याचं एकच गाणं माहीत होतं.

गॉथिक इंडस्ट्रियल म्हणजे काय, हे वहिनींनी लगेच विचारलं. मी सांगितलं ते असं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये काही जणांनी कारखान्यातले, यंत्रांचे, बिघडलेल्या उपकरणांचे आवाज हेच संगीताचं साहित्य म्हणून हाताळायला घेतलं. थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, तिचं नाव इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स, आणि प्रकाराला नाव तिथूनच मिळालं. त्याच सुमाराला पंकमधून, म्हणजे तेव्हाच्या खडबडीत, बंडखोर रॉकमधून, एक काळोखी शाखा फुटली. मृत्यू, देव, एकटेपण हे तिचे विषय. ती गॉथ. पुढे दोन्हींचं पाणी एकमेकांत मिसळलं. न्यूमन यंत्रांपाशी विशीतच पोचला होता, पण या मिसळलेल्या प्रवाहात तो उतरला पस्तिशी ओलांडल्यावर. माझं त्याच्यावरचं खरं प्रेम त्या दुसऱ्या न्यूमनवर आहे, आणि तेच मला त्या खोलीत ऐकवायचं होतं.

मला हा आवाज परका कधीच वाटला नाही. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा यंत्राने दाबून आकार देणाऱ्या कारखान्यात, होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे. फाटकाबाहेर उभं राहिलं तरी पॉवर प्रेसचा ठोका जमिनीतून पायात चढायचा. दोन-तीन प्रेस आपापल्या गतीने चालायच्या, मध्येच काही क्षण सगळ्या मिळून एक ताल धरायच्या आणि पुन्हा सुटायच्या. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाकडून 'प्युअर' या २००० सालच्या अल्बमची सीडी मिळाली. पहिलंच गाणं लावलं आणि तो ठोका तिथे होता. त्यावर एक माणूस गात होता, पातळ, नाकातला, घाबरलेला आवाज. इतक्या दणदणाटात इतका दुबळा आवाज कुणी मुद्दाम ठेवेल असं मला तोवर वाटलंच नव्हतं. तेव्हापासून मी त्याला सोडलेलं नाही.

दहा गाणी निवडायची म्हणून मी सगळे अल्बम सालवार ऐकायला घेतले. ऐकणं बहुतेक ट्रान्स-हार्बरच्या गाडीत झालं, कारण माझं ऑफिस महापेला. ठाण्याला बसायला जागा मिळाली तर रबाळे, घणसोलीपर्यंत डोळे मिटून चार-पाच गाणी नीट होतात. सालवारीच का, तर आवडती गाणी सुटी ऐकत राहिलं की ती कशातून वर आली ते विसरायला होतं.

सुरुवातीची तीन वर्षं अशी आहेत की त्यातूनच दहा भरतील. १९७८ मध्ये हा विशीतला मुलगा पंक रेकॉर्ड करायला स्टुडिओत गेला आणि तिथे कुणीतरी ठेवून गेलेला मिनीमूग सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारं पट्ट्यांचं वाद्य, त्याला दिसला. त्याने पट्टी दाबली आणि खोली हादरेल असा खर्ज निघाला. तिथून त्याची दिशा बदलली. 'रेप्लिकाज' आणि 'द प्लेझर प्रिन्सिपल' हे दोन्ही अल्बम १९७९ चे, 'टेलेकॉन' १९८० चा; तिन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. 'द प्लेझर प्रिन्सिपल'मध्ये तर गिटारच नाही. रॉक संगीताच्या मधोमध उभं राहून गिटार काढून टाकायची, याला धाडस लागतं.

त्यानंतरचं दशक मी भरभर ऐकलं. चांगली गाणी आहेत मध्ये मध्ये, पण रेडिओला काय आवडेल याचा विचार प्रत्येक अल्बमबरोबर वाढत जातो आणि १९९२ च्या 'मशीन अँड सोल'मध्ये त्याचा स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही. त्या अल्बमबद्दल तो स्वतः पुढे फार कठोर बोलला आहे. त्या अवस्थेत त्याच्या कानावर डेपेश मोड या इंग्लिश बँडचा १९९३ चा अल्बम पडला, आणि आपल्याला खरं काय करायचं होतं ते त्याला आठवलं. १९९४ मध्ये त्याने 'सॅक्रिफाइस' केला, घरच्या स्टुडिओत, बहुतेक सगळं एकट्याने. विकला जाईल अशी आशा त्यानेही ठेवली नव्हती. तो ऐकताना मला दर वेळी सुटका झाल्यासारखं वाटतं. गती उतरते, गिटार परत येते ती खरखरीत होऊन, आणि गाण्यांत देव येतो. देवावर विश्वास नसलेल्या माणसाच्या गाण्यांत देव इतका का यावा, या प्रश्नावरच पुढचे त्याचे अल्बम उभे आहेत.

निवडीसाठी मी एकच कसोटी ठेवली. खोलीतल्या निम्म्या लोकांना गाण्यातलं इंग्रजी पकडता येणार नव्हतं. तेव्हा गाण्याने शब्दांच्या आधी पोचायला हवं. शब्द कळल्यावर ते वाढावं, पण शब्दांवाचून पडू नये. या कसोटीने माझी काही लाडकी गाणी गळाली. २०१३ च्या 'स्प्लिंटर'मधलं 'आय अ‍ॅम डस्ट' मला दिवसेंदिवस पुरतं, पण त्याचा डंख त्याच्या ओळींत आहे. ते बाजूला ठेवताना वाईट वाटलं.

सगळ्यात मोठा वाद 'कार्स'वरून झाला. भाच्याला माहीत असलेलं एकमेव गाणं तेच. "ताई, 'कार्स' नाही लावलंस तर न्यूमन ऐकवला असं कोण म्हणेल?" हा त्याचा मुद्दा, आणि तो पोकळ नव्हता. १९७९ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं, दुसऱ्या वर्षी अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. लंडनमध्ये रस्त्यावर काही लोक न्यूमनच्या गाडीवर चालून आले, त्याने दारं आतून लावून घेतली आणि गाडी फुटपाथवर चढवून निसटला. गाणं त्यातून आलं. गाडीच्या आत बसलं की आपण सुरक्षित, बाहेरचं जग काचेपलीकडे. घोडबंदर रोडला संध्याकाळी काचा वर करून अडकलेलं असताना ते मी ऐकलं आहे आणि त्यातली भीती अगदी ओळखीची आहे. गाण्यातलं गायन निम्म्यातच संपतं, उरलेला अर्धा भाग नुसती यंत्रं वाजतात, हेही मला फार आवडतं. तरीही मी नाही म्हटलं. प्रसिद्ध गाणं आलं की लोक त्याच्या प्रसिद्धीकडे बघतात, आणि मला त्यांनी एका माणसाकडे बघायला हवं होतं. 'कार्स' ज्या 'द प्लेझर प्रिन्सिपल'मध्ये आहे त्यातलंच 'मेटल' घेतलं. त्यात माणूस व्हायची आस लागलेलं यंत्र बोलतं. नाइन इंच नेल्स या अमेरिकी इंडस्ट्रियल बँडने ते २००० मध्ये आपल्या पद्धतीने केलं आणि २००९ मध्ये लंडनच्या कार्यक्रमात न्यूमनलाच मंचावर बोलावलं. ज्या पिढीने इंडस्ट्रियल संगीत घराघरांत नेलं, तिने आपलं मूळ कुठे आहे ते असं उघडपणे सांगितलं. 'मेटल'शिवाय पुढची गाणी अधांतरी राहिली असती.

मग एका शनिवारी काकांकडे जाऊन आवाज तपासला. हेडफोनवर जे ऐकतो त्याचा निम्मा भाग खोलीत वेगळाच होतो, विशेषतः खर्ज. 'प्युअर' लावलं आणि शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या. काकूंनी आतली चिनी मातीची भांडी काढून ठेवली. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, कोपऱ्यातून बाहेर आणले, खाली जाड सतरंजी घडी करून घातली, तेव्हा खर्जातली घुसमट गेली आणि ठोका स्वच्छ झाला. खालच्या मजल्यावर जाऊन रविवारी दोन तास आवाज होईल हे सांगून आले. कुणाला या प्रकारचं संगीत घरी ऐकवायचं असेल तर आवाज वाढवण्याआधी स्पीकरची जागा बदलून बघा. या गाण्यांत सात-आठ थर एकावर एक असतात. खर्ज फुगला की मागचे बारीक आवाज, कुजबुज, दूरचे कोरस, सगळं त्याखाली गाडलं जातं आणि उरतो नुसता गोंगाट. मग लोक म्हणतात हे संगीत म्हणजे गोंगाट.

क्रम लावताना खरी परीक्षा झाली. सुरुवात 'डाऊन इन द पार्क'ने करायची हे नक्की होतं. ते १९७९ चं. पुढच्या काळातलं शहर, यंत्रांच्या ताब्यातली बाग आणि तिथे करमणूक म्हणून मारली जाणारी माणसं. मर्लिन मॅन्सन या अमेरिकी रॉक गायकाने ते नंतर गायलं, आणि पुढे गॉथ म्हणून जे जे आलं त्याचं बी मला त्यात दिसतं. त्यामागे 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक'. हे पाच मिनिटांहून मोठं, मध्ये नुसतं बोललेलं, गुणगुणावं असं धृपदच नाही, आणि तरी चार आठवडे ब्रिटनमध्ये पहिलं होतं. दोन अर्धवट गाणी जोडून ते झालं. जुन्या पियानोवर वाजवताना एका जागी बोट चुकलं, चुकलेला सूर जास्त बरा वाटला आणि त्याने तोच ठेवला. तिसरं 'मेटल'. तिथून थेट १९९७, 'डोमिनियन डे'. मधली सतरा-अठरा वर्षं एका उडीत. त्या उडीचा धक्का लोकांना बसावा अशी माझी इच्छा होती.

अडचण आली ती 'प्युअर'मधल्या 'अ प्रेयर फॉर द अनबॉर्न'पाशी. न्यूमन आणि त्याची पत्नी जेमा यांनी जन्माआधीच गमावलेल्या बाळावरचं हे गाणं आहे. माझ्या मते त्याने केलेलं हे सर्वांत मोठं काम. देव नाही असं मानणारा माणूस इथे देवाला जाब विचारतो, कारण रागाला कुणीतरी समोर लागतं. आमच्या गटातल्या एक मावशी याच दुःखातून गेलेल्या आहेत. ते गाणं त्यांच्या कानावर अचानक पडू देणं मला मान्य नव्हतं, आणि वगळणंही मान्य नव्हतं. मी त्यांना फोन केला, गाणं कशाबद्दल आहे ते सांगितलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार म्हटलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लाव. मी येणार आहे."

त्या गाण्याला लागून 'लॉस्ट' ठेवून पाहिलं होतं. 'लॉस्ट' हे 'स्प्लिंटर'मधलं. नैराश्याच्या वर्षांत त्याचा संसार मोडायच्या बेतात आला होता, तेव्हाचं. जवळजवळ उघडा पियानो आणि आवाज. पण दोन दुःखं शेजारी बसली की दोन्ही पातळ झाली. मग मध्ये २००६ च्या 'जॅग्ड'मधलं 'हॉन्टेड' घातलं, ते सरळ अंगावर धावून येतं. त्याने कान झटकले जातात आणि 'लॉस्ट'ला शांत जमीन मिळते. शेवटची दोन २०१७ आणि २०२१ ची.

त्या संध्याकाळी दहा-बारा जण होते. पहिल्या तीन गाण्यांना लोक सौजन्याने ऐकत होते. मी मध्ये सांगितलं की १९८१ मध्ये हा माणूस छोट्या विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता आणि भारतात त्याला हेरगिरी आणि तस्करीच्या संशयावरून पकडलं होतं. काका एकदम सावरून बसले. आपल्याकडे अडकून गेलेला माणूस म्हटल्यावर तो जरा आपला झाला असावा.

'डोमिनियन डे'नंतर मात्र नियम मोडून बोलणं झालंच. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे, त्या 'एक्झाइल'चं सूत्रच असं की देव आणि सैतान एकच. काका म्हणाले, "यात नवीन काय? जनाबाईने विठ्ठलाला काय कमी शिव्या दिल्यात?" मी मनापासून असहमत झाले. जनाबाई भांडते ती विठोबा तिच्या घरचा आहे म्हणून. दळता-कांडता हाताशी असलेल्याशी भांडावं तशी. न्यूमनच्या रागात तो जिव्हाळा नाही. तिथे समोर कुणीच नाही, आणि नसलेल्याशीच भांडण चाललंय. म्हणून ते गाणं इतकं थंड आणि इतकं मोठं लागतं. काका मानेनेच नाही म्हणाले. हा वाद आमच्यात अजून चालू आहे आणि तो मिटावा असं मला वाटत नाही.

'अ प्रेयर फॉर द अनबॉर्न' चालू असताना मी मावशींकडे बघायचं टाळलं. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे एका पुरुषाने म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे हे कधी बोलले नाहीत." काकूंनी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "पुढचं लाव." मला या गाण्याबद्दल जे सांगायचं होतं ते मी कागदावर लिहून आणलं होतं. ते मी वाचलंच नाही.

खोली खरी पकडली गेली ती 'माय नेम इज रुइन'ला. 'सॅव्हेज' हा अल्बम, ज्यातलं हे गाणं, हवामान कोसळल्यानंतरच्या वाळवंटी जगाबद्दल आहे, जिथे पूर्व आणि पश्चिम असा भेद उरलेला नाही. ब्रिटनच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. साठीला टेकलेल्या माणसाचा, रेडिओची पर्वा सोडून केलेला. गाण्यात त्याची मुलगी पर्शिया गाते, तेव्हा ती शाळकरी वयाची होती. दणदणीत ठोक्यावरून तिचा आवाज वर चढला आणि काकांनी बसल्या बसल्या पेटीकडे हात नेला. गाणं संपेपर्यंत थांबले, मग भाता सोडून सूर शोधले. "बघ," म्हणाले, "कोमल रिषभावरून षड्जाला येतोय. सारखा तिथेच ओढतोय." त्यांनी ती ओळ पेटीवर संथ वाजवली. ठोका नाही, यंत्रं नाहीत, तरी गाणं उभं होतं. माझी कसोटी शब्दांवाचून गाणं टिकावं अशी होती. काकांनी त्याच्या यंत्रांनाही बाजूला केलं आणि ते टिकलं. न्यूमनची चाल मुळात थोड्या सुरांची असते, एका खर्जाभोवती फिरत राहते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ती जवळची का वाटते, हे मला त्या दिवशी पेटीवर ऐकून पटलं.

शेवटी 'इंट्रूडर'. त्या अल्बममध्ये पृथ्वी बोलते, माणसांवर चिडलेली, दुखावलेली. धाकट्या मुलीच्या कवितेतून त्याला ही कल्पना मिळाली. गाणं चांगलं वाजलं, पण 'रुइन'नंतर लोकांचा जीव भरला होता. पुन्हा क्रम लावायचा झाला तर मी 'इंट्रूडर' आधी घेईन आणि शेवट 'रुइन'वर करेन.

साडेआठ झाले होते. भाच्याने पुन्हा 'कार्स'चा आग्रह धरला, आणि दहा पूर्ण झाल्यामुळे आता माझी हरकत नव्हती. या वेळी ते गाणं मलाही नवीन लागलं. 'डोमिनियन डे', 'लॉस्ट', 'रुइन' ऐकून झालेल्या कानांना त्यातली चमकदार चाल ऐकू येईना. ऐकू आला तो दारं लावून आत बसलेला मुलगा. वहिनी म्हणाल्या, "हा तेव्हाही घाबरलेलाच होता की." मावशींनी जाताना 'प्युअर' मागून नेला. काकांना 'एक्झाइल' हवा आहे, वाद पुढे चालवायला. आणि भाच्याचं म्हणणं आहे की 'हॉन्टेड'च्या जागी 'एक्झाइल'मधलंच 'द एंजल वॉर्स' असायला हवं होतं. मी ते गाडीत रोज ऐकून बघतेय. बहुधा त्याचं बरोबर आहे.